काळ्या मातीत मंगल कार्यालयाची पार्किंग: पाणी काढायचं कुठून आणि किती?

वणाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. समुद्रपूर तालुक्यात राज्य रस्त्याला लागून मंगल कार्यालयाचं काम सुरू आहे. हॉल उभा झाला, आता पार्किंग करायची आहे. माप आणि लेव्हल अशी:

पार्किंग ६० मीटर रस्त्याला समांतर आणि ४० मीटर खोल. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला हॉल. हॉल ३० × २० मीटर, पत्र्याचं छत, पन्हळीचे पाईप सध्या पार्किंगकडेच उतरवले आहेत. माती काळी, आठ-नऊ फूट तरी आहे. जमिनीचा नैसर्गिक उतार हॉलकडून रस्त्याकडे, पण ४० मीटरमध्ये जेमतेम १० इंच. रस्ता आमच्या जमिनीपेक्षा दीड फूट वर. रस्त्याच्या कडेची नाली आमच्या दक्षिण कोपऱ्यापासून ९० मीटरवर मोरीला मिळते. मधल्या भागात ती बुजली आहे, बेशरमीची झुडपं माजली आहेत. मोरीचा तळ आमच्या कोपऱ्याच्या जमिनीपेक्षा १.२० मीटर खाली आहे आणि पुराची खूण तळापासून सव्वा फुटावर दिसते. हॉलचं जोतं जमिनीपासून ४ फूट. दक्षिणेला १० × ३० मीटरची पट्टी रिकामी आहे, पलीकडे शेजाऱ्याचं वावर, फूटभर खाली.

ठेकेदार म्हणतो, गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक) लेव्हलमध्ये बसवू आणि २ × २ × २ मीटरचे दोन शोषखड्डे दगडगोट्यांनी भरून देऊ, पाणी जिरून जाईल. शेजारी म्हणतो, तुमचं पाणी माझ्या तुरीत आलं तर तहसीलला जाईन. मिरगानंतरही लग्नं असतात. ट्रॅव्हल्स, ट्रॅक्टर, चारचाकी सगळं येणार. शोषखड्डे पुरतील का? नाली करायची तर किती मोठी, आणि पाणी सोडायचं कुठे?

लेव्हलवाला

भाऊ, सगळ्यात आधी मोरीचा तळ. तुम्ही तो मोजून आणलात, त्यामुळे उत्तर देता येतं. पाण्याचं काम शेवटून सुरू करायचं असतं: पाणी जिथे सुटणार तिथली लेव्हल पक्की करा, तिथून मागे मोजत या आणि जी लेव्हल निघेल तिथे गट्टू बसवा. आधी गट्टू बसवून मग नाली शोधायला निघालं की नाली उलट्या उताराची होते.

पाणी किती ते बघू. पार्किंग २४०० चौ.मी. आणि छत ६००. छताचं पाणी तिथेच उतरतं म्हणजे हिशेब ३००० चौ.मी.चा, ०.३० हेक्टर. ठेकेदाराने छत धरलेलंच दिसत नाही.

पावसाचा आकडा. पंचनाम्यासाठी २४ तासांत ६५ मिमी म्हणजे अतिवृष्टी. तो आकडा डिझाइनला कामाचा नाही, कारण पार्किंग दिवसभराच्या पावसाने भरत नाही, दहा मिनिटांच्या सरीने भरते. मी २४ तासांत १५० मिमी धरतो. तुमच्या मंडळाच्या पर्जन्यमापकाची गेल्या काही वर्षांची नोंद काढा, त्याहून मोठा आकडा सापडला तर तो घ्या. रस्त्याच्या कामात आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेस) जे सूत्र वापरतात त्याने छोट्या सरीची तीव्रता काढायची: एकूण पाऊस भागिले तास, गुणिले (तास + १), भागिले (सरीचे तास + १). म्हणजे १५० ÷ २४ × २५ ÷ १.१६७ = ताशी १३४ मिमी, दहा मिनिटांच्या सरीसाठी.

प्रवाह = सी × तीव्रता × हेक्टर ÷ ३६०. सी म्हणजे पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा; गट्टू आणि पत्रा मिळून तो ०.९ धरा. ०.९ × १३४ × ०.३० ÷ ३६० = ०.१०० घनमीटर, म्हणजे सेकंदाला १०० लिटर.

आता शोषखड्डे. दोन खड्ड्यांचं आकारमान १६ घनमीटर, पण दगडगोटे भरल्यावर पोकळी साधारण ४० टक्के, म्हणजे ६.४ घनमीटर. सेकंदाला १०० लिटरने ते ६४ सेकंदांत भरतात. रिकामे किती वेळात होतील? ओली काळी माती फुगून बंद झालेली असते. ताशी २ मिमी जिरेल असं उदार मनाने धरलं तरी दोन्ही खड्ड्यांच्या भिंती आणि तळ मिळून ४० चौ.मी., म्हणजे ताशी ८० लिटर. रिकामे व्हायला ८० तास. झड लागली तर ते पावसाळाभर भरलेलेच राहतील आणि भोवतालची माती फुगवत बसतील. हॉलच्या पायाजवळ तर खड्डा अजिबात नको.

नाली: पूर्वेच्या कडेने, कंपाउंडच्या आतून, ६० मीटर, उत्तरेकडून दक्षिणेकडे. आतली रुंदी ४५० मिमी, उतार ३०० मध्ये १. पाण्याची खोली ३०० मिमी असताना काँक्रीटच्या नालीत साधारण १३० लिटर जातं. १०० ची गरज, म्हणजे थोडा गाळ बसला तरी चालतं. याच उताराला ३०० मिमीचा सिमेंट पाईप ५५ लिटरच्या वर नेत नाही, आणि तुंबला की आत हात जात नाही. पाईप नको.

लेव्हल अशा लावा. मोरीचा तळ ०.०० माना:

मोरी ०.००, पुराची खूण ०.३८
दक्षिण कोपऱ्यात नालीचा तळ ०.४५ (मोरीपर्यंत ९० मीटरला २०० मध्ये १ उतार)
उत्तरेच्या टोकाला नालीचा तळ ०.६५
नालीकाठी गट्टूची लेव्हल १.५०
हॉलच्या बाजूला गट्टूची लेव्हल २.०७ (४० मीटरला ७० मध्ये १)
हॉलचं जोतं, तुमच्या मापाने, २.६५

कोपऱ्यातला तळ ०.४५ का? ओढा पुराच्या खुणेपर्यंत आला तरी नालीत पाणी उलटं भरू नये म्हणून. आणि जोत्याखाली ५८ सेमी शिल्लक राहतात, ते बरोबर आहेत. ४५ च्या खाली जाऊ देऊ नका.

गट्टू "लेव्हलमध्ये" हा शब्द ठेकेदाराला विसरायला सांगा. १०० मध्ये १ पेक्षा कमी उतार दिला तर गट्टूच्या वरखाली बसण्यातच पाणी अडकतं. ७० मध्ये १ ला बायाबापड्यांना चालायला त्रास नाही, गाडीही घसरत नाही.

मुरूमगिट्टी

लेव्हलवाल्यांच्या हिशेबाला माझी सहमती. आता खालचं बोलतो, कारण काळ्या मातीत पार्किंग वरून नाही, खालून बिघडते.

गट्टूच्या सांध्यांतून थोडं पाणी खाली जातंच. खाली मुरमाचा थर आहे, त्याच्या चारही बाजूंनी आणि तळाला काळी माती. म्हणजे तुम्ही मातीच्या थाळीत मुरूम भरून ठेवला. पाणी थाळीत साचतं, तळाची माती लोण्यासारखी होते, ट्रॅव्हल्सचं चाक आलं की माती गिट्टीत वर घुसते आणि गट्टू खचतो. लोक म्हणतात गट्टू हलका होता. गट्टूचा दोष नसतो, खालच्या थराला बाहेर पडायला वाट नसते.

थर खालून वर: काळी माती काढून, उतार देऊन, रोलर. त्यावर विणलेलं नसलेलं जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), मग मुरूम ३०० मिमी, १५०-१५० च्या दोन थरांत, ८ ते १० टनी रोलरने. मग गिट्टीचा थर २५० मिमी, मग जाड वाळू ३० मिमी, मग गट्टू ८० मिमी एम-४० चे. आयएस १५६५८ या गट्टूच्या भारतीय मानकात मध्यम वाहतुकीला हीच जाडी आणि ग्रेड दिली आहे. ६० मिमीचे हलक्या वाहतुकीचे आहेत, ट्रॅव्हल्सखाली टिकणार नाहीत. एकूण ६६० मिमी.

म्हणजे नालीकाठी मातीची तयार लेव्हल १.५० − ०.६६ = ०.८४ येते आणि नालीचा तळ ०.४५ ते ०.६५. तयार माती नालीच्या तळापेक्षा वर आहे, म्हणून मुरमातलं पाणी नालीत काढता येतं. हेच महत्त्वाचं. तयार मातीलासुद्धा वरच्यासारखाच ७० मध्ये १ उतार द्या; तळ सपाट ठेवून वरचा उतार मुरमाच्या जाडीने काढायचा आळस करू नका. नालीच्या पार्किंगकडच्या भिंतीला ०.८६ च्या आसपास ७५ मिमीची छिद्रं, दर दीड मीटरला, मागे जिओटेक्स्टाइलचा तुकडा आणि फूटभर २० मिमी गिट्टीची पोटली. कापड नसेल तर पहिल्याच झडीत मुरमाची बारीक माती छिद्रातून वाहून जाते आणि नालीच्या काठचे गट्टू आधी बसतात.

हॉलच्या बाजूला तयार माती १.४१ वर येते, म्हणजे जमिनीपासून जेमतेम ४ सेमी खाली. तिथे तेवढंच खरडून थांबू नका. वरची ३० सेमी माती, मुळं, गवत काढाच आणि खड्डा मुरमाने भरून वर या.

वाळूच्या जागी क्रशरची चुरी टाकायची सवय झाली आहे. चुरीत पीठ जास्त असलं की ती पाणी धरून ठेवते, गट्टूखाली पिठलं होतं आणि चाकाने सांध्यातून पांढरं पाणी वर येतं. जाड, धुतलेली वाळू घ्या. मिळाली नाही तर चुरी धुऊन, पीठ काढून.

नालीच्या भिंती विटांच्या नकोत. उन्हाळ्यात काळी माती भिंतीपासून सुटते, हात जाईल एवढी भेग पडते. पाऊस झाला की फुगते आणि भिंतीला आत ढकलते. दोन-तीन वर्षांत वीट पोटात येते. नाली आरसीसीची, एम-२५, भिंत आणि तळ १५० मिमी, सळई १० मिमीची १५० वर दोन्ही दिशांनी. नाली दक्षिणेला १.०५ मीटर खोल आहे, काठाजवळ बसचं चाक येणार असेल तर सळई डिझाइनरकडून तपासून घ्या, किंवा ६०० मिमी अलीकडे चाकअडवा कट्टा करा. भिंतीमागे भरायचं ते मुरूम. खोदलेली काळी माती परत टाकली तर आरसीसीचा खर्च वाया. तळाखाली १०० मिमी पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट), त्याखाली २०० मिमी मुरूम.

फाटकाची एक गोष्ट राहिली. रस्ता १.६५ ते १.७० वर, गट्टू १.५० वर. म्हणजे रस्त्याचं पाणी फाटकातून आत येणार. फाटकाच्या पूर्ण रुंदीत नालीवर लोखंडी जाळी लागेल: ७५ × १० मिमीच्या पट्ट्या उभ्या, मधली फट २५ मिमी, अँगलच्या चौकटीत, बोल्टने कसलेल्या. बोल्ट नसतील तर जाळी गाडीखाली उडते, नाहीतर भंगारात जाते. बाकी नालीवर काँक्रीटची झाकणं, दर तिसरं उचलता येईल असं, आणि काठाच्या कट्ट्याला दर ३ मीटरला ३०० × १०० मिमीचं तोंड.

आणि रस्त्याची नाली फाटकाखाली कधी बुजवू नका. लोक तिथे ६ इंची पीव्हीसी टाकून वर मुरूम ओततात. मग वरच्या बाजूच्या सगळ्या वावरांचं पाणी रस्त्यावर येतं. ६०० मिमीचा एनपी-३ (सळईच्या काँक्रीटचा) पाईप टाका, वर पुरेसं काँक्रीट.

वणाकाठ

खूप आभार. तीन शंका. छताचं पाणी विहिरीत घेता येईल का, परिसरात जुनी विहीर आहे. रस्त्याच्या नालीत १०० लिटर सोडायला कोणाची परवानगी? आणि शेजाऱ्याचं काय? त्याचं वावर खाली आहे, पूर्वीही आमचं पाणी त्याच्याकडेच जात होतं.

धुऱ्यावरून

दादा, शेवटची शंका आधी घेतो, कारण ती पैशाने नाही, उताराने सुटते.

वरच्या जमिनीवरचं पाणी नैसर्गिकपणे खालच्या जमिनीवर वाहत असेल तर खालच्याने ते येऊ द्यावं, हे १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमात कलम ७ खाली उदाहरणासह दिलेलं आहे. पण "नैसर्गिकपणे" या शब्दावर लक्ष द्या. वावरातून पसरून, झिरपत येणारं पाणी वेगळं आणि गट्टूवरून गोळा करून एका तोंडाने सोडलेलं पाणी वेगळं. या दुसऱ्या प्रकारच्या पाण्याला त्या कलमाचा आधार धरू नका. तसंच उलटं: शेजारी धुरा उंच करून वाहतं पाणी अडवत असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. दोघांनाही तिथे जायची वेळ येऊ नये अशी तुमची जागा आहे, कारण दक्षिणेची पट्टी रिकामी आहे.

काळ्या वावरात सी ०.४ धरला तर पूर्वी तुमच्या याच ३००० चौ.मी.वरून सेकंदाला ४५ लिटर जात होतं. आता १०० होणार. फरक तुम्ही स्वतःच्या जागेत थोपवा. त्या पट्टीत उथळ खळगी काढा: मधल्या पातळीवर २० × ७ मीटर, खोली ७५ सेमी, बाजूंना दीडास एक उतार, आत गवत. आकारमान १०५ घनमीटर. तळ ०.४५, म्हणजे नालीच्या तोंडाशी जुळतो, काठ १.२० वर. शेजाऱ्याच्या बाजूला त्यावर ३० सेमीचा मुरमी धुरा, चांगला ठोकून. धुरा काळ्या मातीचा केला तर उन्हाळ्यात भेगाळतो आणि पहिलंच पाणी त्या भेगांतून थेट तुरीत जाईल.

खळगीतून बाहेर पडायला काँक्रीटच्या आडभिंतीत १६० मिमीचं एकच भोक. खळगी काठोकाठ भरल्यावर त्यातून ४४ लिटर जातं, सरासरी ३० धरा. १५० मिमीच्या दिवसाची तासभराची जोरदार सर धरली तर २११ घनमीटर येतं, १०८ जातं, १०३ उरतं. १०५ च्या खळगीत ते मावतं आणि पाऊस थांबल्यावर तासाभरात उतरतं. मच्छर होत नाहीत आणि गट्टूखालचा मुरूमही फार वेळ भिजत राहत नाही.

याहून मोठा पाऊस येणारच. म्हणून आडभिंतीच्या माथ्यावर २ मीटर रुंद, १५ सेमी खोल खाच ठेवा, तिचा तळ १.२० वर आणि तोंड रस्त्याच्या नालीकडे. पूर्ण १०० लिटर त्यावरून १० सेमीच्या धारेने जातं. खाचेखाली दगडी पिचिंग, नाहीतर धार पायाच उकरते.

भोक तुंबलं की सगळं गणित संपलं. तुमच्याकडे जेवणावळी आहेत: द्रोण, पत्रावळी, पाण्याचे ग्लास, ताटांवरचं पातळ प्लास्टिक. ते सगळं पहिल्या सरीत नालीने भोकाशी येतं. भोकासमोर सपाट जाळी लावली तर एक पत्रावळ ती बंद करते. ६० × ६० सेमीची, तिरपी, भोकापासून फूटभर पुढे, १२ मिमी सळईची, २५ मिमी फटीची जाळी लावा. तिरप्या जाळीवर कचरा वर सरकतो, खालून पाणी चालू राहतं. आणि खळगीत शिरण्याआधी १ × १ मीटरचं चेंबर, तळ नालीपेक्षा ३० सेमी खाली, गाळ बसायला.

परवानगी: राज्य रस्ता आहे तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागीय अभियंत्याकडे लेखी अर्ज. जिल्हा परिषदेचा असता तर त्यांच्या बांधकाम विभागाकडे. अर्जासोबत लेव्हलचा नकाशा, ४५ लिटरचा हिशेब आणि ९० मीटर नाली स्वखर्चाने साफ करून उताराला आणण्याची तयारी. तळ ४५ सेमी रुंद, बाजू १ ला १, पाणी ४० सेमी, २०० मध्ये १ उतार: साफ मातीची नाली २८० लिटरच्या आसपास नेते, रस्त्याचं पाणी धरून पुरेशी. तीच नाली गवत-बेशरमीने भरली की निम्म्यावर येते. बेशरम नुसती कापू नका, मुळासकट काढा आणि काठावर टाकू नका. तिची कांडी ओल्या मातीत पडली तिथे फुटते.

विहीर: छताचं पाणी जरूर घ्या. ६०० चौ.मी.वर वर्षाचा पाऊस १००० मिमी धरला तरी ५०० घनमीटरच्या वर मिळतं. पहिला पाऊस वळवायला व्हॉल्व्ह, मग गिट्टी-वाळूची गाळणी, मग विहिरीत पाईप पाण्याच्या पातळीपर्यंत नेलेला. वरून धार सोडली तर काठाची माती ढासळते. पण पार्किंगचं पाणी विहिरीत किंवा बोअरमध्ये एक थेंबही नको. त्यात डिझेल, ऑइल, ब्रेकची धूळ असते, आणि बेसॉल्टच्या भेगांतून ते दुसऱ्याच्या विहिरीपर्यंत पोचू शकतं. छताचं पाणी विहिरीकडे वळवलं तरी नाली आणि खळगीचा हिशेब ३००० चौ.मी.चाच ठेवा. गाळणी तुंबली की छत परत पार्किंगवरच ओतणार आहे.

लेव्हलवाला

खळगीची सूचना चांगली. त्यात एक भर: खळगी काठोकाठ असताना नालीत पाणी १.२० पर्यंत उलटं उभं राहील. गट्टू १.५० वर आहे म्हणून पार्किंगवर येणार नाही. पण खर्च वाचवायला कोणी गट्टूची लेव्हल १.३० वर आणायला सांगितली तर ऐकू नका. तेवढ्यात दोन गोष्टी जातात, ही ३० सेमीची मोकळीक आणि मुरमातलं पाणी नालीत उतरण्याची सोय.

मुरूमगिट्टी

कामाचा क्रम. एप्रिलमध्ये मोरीपर्यंतची नाली आणि खळगी, मग आरसीसी नाली, मग मातीकाम आणि मुरूम, शेवटी गट्टू. काळी माती उघडी असताना वळवाचा एक जोरदार पाऊस आला तर रोलर आठवडाभर उभा राहतो, म्हणून एका वेळी अर्धीच जागा उघडा.

गिट्टीचा थर झाला की गट्टूआधी ५००० लिटरचा टँकर बोलवा आणि हॉलच्या बाजूने पाणी सोडा. जिथे डबकं दिसेल तिथे चुन्याने गोल करा, तेवढी गिट्टी उकरून परत बसवा. डबकं वाळूने भरून काढू नका. ती खाली बसते आणि डबकं वर गट्टूत परत उमटतं. लेव्हल पाईपने दर ५ मीटरला खुंट्या तपासा आणि ठेकेदाराचं बिल त्या खुंट्यांच्या कागदाशी जोडा. छिद्रांतून मुरमातलं पाणी येतं का, तेही त्याच टँकरच्या वेळी नालीत उतरून बघा. दीड तासात एकाही छिद्रातून ठिबक नाही, तर कुठेतरी कापड उलटं दुमडलंय किंवा भिंतीमागे काळी माती भरली गेली आहे. तिथली भर लगेच काढा, गट्टू लागल्यावर ते सापडत नाही.